नव्याण्णववाली

फोन हातात घेतला की ती आधी चारी बाजूंना बघायची. मग पदराच्या टोकानं बटणं पुसायची, पुन्हा एकदा मागं वळून खात्री करून घ्यायची आणि आपल्याकडं पाठ करूनच आकडे दाबायची. असं वागणारी बाई तुम्ही पाहिलीत तर तुमच्या मनात काय येईल? माझ्याही मनात तेच आलं. आणि एकदा आलं ते चांगली दोन-तीन वर्षं तिथंच बसून राहिलं.

त्यातून तो फोन तिचा नसायचा. तिच्या खांद्याला एक जाड कापडी पिशवी असायची आणि त्या पिशवीत अकरा फोन. सगळे साधे, बटणांचे. प्रत्येकाला वेगळी चिंधी बांधलेली. एकाला लाल काठाची, एकाला शाळेच्या जुन्या गणवेशाची निळी, एकाला नुसतीच सुतळी. हे फोन आमच्या गावातल्या अकरा म्हाताऱ्यांचे होते. त्या अकराही जणींच्या खात्यांचे गुप्त आकडे, म्हणजे पिन, हिच्या डोक्यात होते.

आता मी कोण ते सांगतो, म्हणजे माझा संशय तुम्हाला नीट समजेल. मी बँकमित्र आहे. आगरदांड्याला दिघीची बोट जिथून सुटते, त्या धक्क्याच्या अलीकडं एका गाळ्यात माझं टेबल. एक लॅपटॉप, एक अंगठ्याचं मशीन, भिंतीवर बँकेचा बोर्ड. ज्यांना मुरूडच्या शाखेपर्यंत जायला जमत नाही त्यांनी माझ्याकडं यायचं, अंगठा लावायचा, पैसे घेऊन जायचं. त्यावर मला थोडं कमिशन मिळतं.

आमचं गाव डोंगराच्या पलीकडं, खाडीच्या कडेला. गाडीरस्त्यानं मोठा वळसा पडतो. पायवाटेनं खिंड ओलांडली की पाऊण तासात धक्का. लग्नानंतर मी धक्क्याजवळ खोली घेतली, आई गावातच राहिली. गावात फोनला रेंज नाही. खिंडीत उभं राहिलं तर दोन काड्या दिसतात, त्याही वारा असेल त्याप्रमाणं, असं आमच्याकडं म्हणतात.

ती रोज या खिंडीतून यायची. डोक्यावर भाजीची पाटी. कधी वांगी, कधी वालाच्या शेंगा, पावसात रानातली कसली कसली पानं. बोटीतून उतरणाऱ्यांना भाजी विकायची आणि ऊन चढलं की परत. नवरा खारजमिनीच्या बंधाऱ्यावर काम करताना साप चावून गेलेला. एकुलता एक मुलगा उरणला ट्रेलर चालवायचा. तोंडावर आम्ही सगळे तिला काकी म्हणायचो. पाठीमागं नव्याण्णववाली.

हे नाव पडलं त्याला कारण बँकेचं शिबिर. एकदा शाखेतले लोक गावात आले होते. साध्या फोनवरून स्टार, नव्याण्णव, हॅश असं दाबलं की खातं उघडतं, इंटरनेट लागत नाही, नुसती रेंज लागते, असं त्यांनी समाजमंदिरात समजावून सांगितलं. आमच्या म्हाताऱ्यांना ते सोयीचं होतं, कारण जन्मभर भातलावणी करून त्यांचे अंगठे इतके झिजले होते की माझं मशीन त्यांना ओळखतच नसे. बँकेच्या माणसांनी सगळ्या म्हाताऱ्यांना खिंडीत नेऊन प्रत्येकीचा पिन ठरवून दिला आणि बजावलं, "हा आकडा कुणालाही सांगायचा नाही. नवऱ्यालासुद्धा नाही."

"नवरा असता तर फोन कशाला लागला असता?" एक म्हातारी म्हणाली आणि सगळ्याजणी पदर तोंडाला लावून हसल्या.

त्यानंतर फोन पेट्यांमध्ये गेले. रोज कोण खिंड चढणार? आणि चढून तरी इंग्रजी अक्षरांचं काय करणार? मग सगळ्यांत म्हाताऱ्या बाईनं, तिला गावात थोरली म्हणतात, आपला फोन काकीच्या पाटीत टाकला. "जाताना एवढं नव्याण्णव करून ये." काकी दुसरीपर्यंत शिकलेली. तिला ती अक्षरं वाचता येत नव्हती, पण आकडे येत होते, आणि कोणत्या पायरीला कोणता आकडा दाबायचा तो क्रम तिनं शिबिरातच पाठ केला होता. थोरलीनंतर दुसरी आली, मग तिसरी. वर्षभरात पिशवी झाली.

ती खिंडीत एका कातळावर बसायची आणि फोन ओळीनं मांडायची. कुणाची पेन्शन जमा झाली का ते बघायची, कुणाचे पैसे वाण्याच्या नंबरावर पाठवायची, मग धक्क्यावरच्या वाण्याकडून त्या पैशाची साखर, तेल, कधी रोख घेऊन संध्याकाळी घरोघर पोचवायची. कुणी आणखी कुणाला पैसे पाठवायला सांगितले तर तेही करायची.

मी तिला एकदा विचारलं, "काकी, थोरलीनं या महिन्यात कुणाला पैसे पाठवले?"

"ते मी इचारत न्हाय."

"अगं, पण नंबर तर तूच दाबलास ना?"

"दाबला. इचारलं न्हाय."

हे तिचं ठरलेलं उत्तर होतं. कशाला, किती, कुणाला, काहीही विचारा, ती मान खाली घालून वांगी लावत म्हणायची, "ते मी इचारत न्हाय." तुम्हीच सांगा, अकरा जणींचे पैसे हाताळणारी बाई असं बोलू लागली तर कुणाला खरं वाटेल? मला वाटायचं, हिला सगळं माहीत आहे आणि ही लपवते आहे. बदल्यात काही घेत असणार. रोख आणताना दहा-वीस काढत असणार. फुकट इतकं कोण करतं?

एक गोष्ट तेव्हा मी स्वतःशीही कबूल केली नव्हती. त्या अकरा जणींचे व्यवहार माझ्या टेबलावरून झाले असते तर कमिशन मला मिळालं असतं. हा हिशेब माझ्या संशयाच्या तळाशी होता.

एका सकाळी मी तिच्या मागावर गेलो. ती येण्याआधीच खिंडीत पोचलो आणि करवंदीच्या जाळीमागं बसलो. ती आली, पाटी उतरवली, फोन मांडले. एक उचलला, पुसला, इकडं तिकडं बघितलं, पाठ वळवून दाबू लागली. मी श्वास रोखून बघत होतो. तीन फोन झाले. चौथा हातात घेऊन, मान न वळवता ती म्हणाली, "बाहेर ये बाला. तिथं डोंगळ्यांचं घर हाय."

मी बाहेर आलो तेव्हा चार डोंगळे पायजम्यात शिरलेच होते. मी नाचत होतो आणि ती शांतपणे आकडे दाबत होती.

त्यावरही मी थांबलो नाही. आता सांगायची लाज वाटते, पण सांगतो. थोरलीचा नंबर माझ्या रजिस्टरमध्ये होता. काकी खिंडीत असण्याच्या वेळेला मी दुसऱ्याच्या फोनवरून त्या नंबरावर फोन लावला, आवाज जाड केला आणि हिंदीत म्हणालो, "मैं बँक से बोल रहा हूँ. आपका खाता बंद हो जाएगा. पिन नंबर बताइए." ती फसते का ते मला बघायचं होतं. फसली असती तर पुराव्यासकट शाखेत सांगता आलं असतं.

पलीकडं खिंडीतला वारा ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "आवाज का बसलाय रं तुझा?"

मी फोन कापला. दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली, एक आल्याचा तुकडा ठेवला आणि निघून गेली. गाळ्यातल्या माणसांनी विचारलं, कशाबद्दल? मी म्हणालो, काय माहीत.

पिन ती कुठं लिहून ठेवते, हेही मी शोधत होतो. विचारलं तर म्हणाली, "डोक्यात हाय. डोकं कापून घेतोस?" पिशवी कुणीतरी चाचपणारच, म्हणून ती सगळ्यांवर नजर ठेवून असायची. माझ्यावर तर जास्तच. मी तिच्यावर आणि ती माझ्यावर, अशी आमची दोघांची पाळत चालली होती, आणि धक्क्यावरची माणसं आम्हाला बघून मजा घेत होती.

मग एका दुपारी थोरलीचा मुलगा माझ्याकडं आला. त्याचे दोन ट्रक आहेत, जमिनीच्या व्यवहारातही असतो, गळ्यात सोन्याची साखळी. आईचं पासबुक त्यानं टेबलावर आपटलं.

"दीड हजार गेलेत. तीन वेळा पाचशे. आईला विचारलं तर म्हणते, ठाऊक न्हाय. तुझी ती नव्याण्णववाली काय करते ते तूच बघ, न्हाय तर मी पोलिसात जातो."

"ती माझी कोण?" मी म्हणालो. पण आतून मला, खरं सांगतो, बरं वाटलं. इतके दिवस जे म्हणत होतो ते खरं निघालं.

त्याच संध्याकाळी मी शाखेला अर्ज लिहिला. "सदर महिला अकरा खातेदारांचे मोबाईल व पिन स्वतःजवळ बाळगते, हे नियमाविरुद्ध असून खातेदारांची फसवणूक होण्याची शक्यता आहे." खाली माझी सही. अर्ज दोनदा वाचला. त्यात एक शब्दही खोटा नव्हता.

आठ-दहा दिवसांनी शाखेतल्या मॅडम गावात आल्या. शांत बाई, सगळ्यांना अहो-जाहो करणाऱ्या. समाजमंदिरात सतरंजी घातली. गाव जमलं. म्हाताऱ्या भिंतीला टेकून बसल्या, थोरलीचा मुलगा पुढं, मी मॅडमच्या बाजूला खुर्चीवर. काकी मधे उभी, पिशवी खांद्याला. आई मला मागच्या कोपऱ्यात दिसली. मला वाटलं, मुलगा खुर्चीवर बसलेला बघायला आली असेल.

मॅडमनी विचारलं, "तुमचा खातेक्रमांक सांगा."

"न्हाय."

"माहीत नाही, की सांगायचा नाही?"

"खातंच न्हाय."

"कोणत्याच बँकेत नाही? बरं, मग तुमचा स्वतःचा मोबाईल नंबर?"

"तोबी न्हाय."

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. तीन वर्षं तिच्यावर नजर ठेवून ही साधी गोष्ट मी विचारली नव्हती.

"अकरा फोन सांभाळता आणि स्वतःचा एकही नाही?"

"मला कोन फोन करनार, बाई? पोरगा येतो तवा येतो."

"आणि खातं का नाही काढलंत?"

काकीनं जरा विचार केला. "बँकेवर माझा भरवसा न्हाय."

गाव खो खो हसलं. मॅडमही हसल्या. थोरलीचा मुलगा मात्र उठून उभा राहिला. "हसताय काय? खातं नसलं तर दुसऱ्याच्या खात्यात घातले असतील. माझ्या आईचे पैसे कुठं गेले ते सांगा."

मॅडमनी कागद काढले. थोरलीच्या जवळ जाऊन बसल्या, तिला कागद दाखवला आणि हळू आवाजात विचारलं, "आजी, तिन्ही वेळा एकाच नंबरावर पैसे गेलेत. हा नंबर तुम्ही ओळखता का?"

थोरली मुलाकडं बघत राहिली.

"बघा," तो म्हणाला. "हिनंच पढवलंय आईला." आणि काकीकडं वळून, "तू सांग. नंबर तू दाबलास. कुणाचा हाय?"

"मला ठावं हाय कुणाचा हाय," काकी म्हणाली. "पर ते मी सांगनार न्हाय."

"मग पोलीस इचारतील."

"इचारू दे."

ती घाबरली होती. पिशवीचा पट्टा तिनं दोन्ही हातांनी आवळून धरला होता, हे मी खुर्चीवरून बघत होतो. एक नाव घेतलं असतं तर ती तिथल्या तिथं सुटली असती. तिनं ते घेतलं नाही.

थोरली भिंतीचा आधार घेत उठली. तिला उठायलाच वेळ लागला. "माझ्या लेकीचा नंबर हाय," ती म्हणाली. "मीच पाठवले. तिचा पाय मोडला, घरात पडून हाय, म्हनून पाठवले."

मुलाचा चेहरा उतरला. गावात सगळ्यांना माहीत होतं. वडिलांची खाडीकडची जमीन विकायची होती, तेव्हा बहिणीनं हक्कसोड करून द्यायला नकार दिला होता, आणि त्यानंतर तिचं नाव घरात काढायचं नाही असं यानं ठरवलं होतं. थोरली लेकीला भेटायला गेली नव्हती की तिला बोलावलं नव्हतं. फक्त ते पाचशे रुपये जात होते, खिंडीतून.

तो चपला पायात सरकवून निघून गेला.

मॅडम म्हणाल्या, "फसवणूक काही दिसत नाही. पण पिन असा दुसऱ्याजवळ ठेवता येत नाही, नियमच आहे तो. तुम्ही सगळ्यांचे फोन परत करा, आणि तुम्ही आज्या पिन बदलून घ्या."

काकीनं पिशवी सतरंजीवर पालथी केली. "घ्या आपापला," ती म्हणाली. एकेक म्हातारी वाकून आपली चिंधी ओळखून फोन घेऊन जाऊ लागली. कुणी काकीकडं बघत नव्हतं. दहा फोन उचलले गेले. एक उरला. त्याला पिवळ्या कापडाची पट्टी बांधली होती, कडेला जरीची बारीक रेघ. ते कापड कुठंतरी पाहिल्यासारखं वाटलं. माझ्या लग्नातलं उपरणं होतं ते.

मागच्या कोपऱ्यातून माझी आई उठली. गर्दीतून वाट काढत पुढं आली, माझ्या खुर्चीसमोर वाकून तो फोन उचलला आणि पदराखाली घेऊन निघून गेली.

तो फोन मीच तिला घेऊन दिला होता. गावात रेंज नसल्यामुळं त्यावर मी तिला कधी फोन करत नसे. रविवारी गेलो की विचारायचो, "आये, फोन कुठाय?" ती म्हणायची, "पेटीत हाय." तिचा अंगठाही माझं मशीन घेत नसे. पेन्शनचं विचारलं तर म्हणायची, "राहू दे जमा." मी खूश होतो. मुलगा बँकेचं काम करतो, आईचे पैसे सुरक्षित आहेत.

त्या दिवशी मी घरी गेलो तेव्हा ती चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. मी उंबऱ्यातच बसलो.

"मला का नाही दिलास?" मी म्हणालो.

"काय?"

"फोन. मी बँकेचं काम करतो. तुझा मुलगा आहे मी."

"म्हनून न्हाय दिला."

"मी तुझे पैसे खाल्ले असते?"

"तसं न्हाय रं." तिनं भाकरी उलटली. "तू इचारलं असतंस. कुणाला पाठवतेस, कशाला पाठवतेस. तू वाईट न्हायस, पर इचारलं असतंस. आधी तुझा बापूस इचारायचा. मग तू मोठा झालास." भाकरी फुगेपर्यंत ती थांबली. "तिनं कवा इचारलं न्हाय."

माझ्या जिभेवर तोच प्रश्न होता. कुणाला पाठवतेस? आई माझ्याकडं बघत होती, मी विचारतो का याची वाट बघत असल्यासारखी. मी भाकरी मागून घेतली आणि जेवलो. आजपर्यंत मला ठाऊक नाही, आई कुणाला पैसे पाठवते. शाखेतल्या मॅडमना ठाऊक आहे. त्यांनाही मी एकदा आडून विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "ते तुमच्या आईंना विचारा."

यानंतर काकी भाजी घेऊन यायची तशीच येत राहिली, पण माझ्या गाळ्यासमोरून जाताना पाटी माझ्या बाजूला कलती करायची, म्हणजे तोंड दिसू नये. मी दोनदा हाक मारली. तिला ऐकू आलं नाही, किंवा आलं.

गावातून कळलं ते असं, की तिनं फोन पुन्हा घ्यायला साफ नकार दिला. म्हाताऱ्या तिच्या दारात जाऊन बसल्या, थोरली तर रडली. ती म्हणाली, "न्हाय. कागदावर नाव चढलं एकदा. आता तुमचं तुमी करा." पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्यांना खिंडीत यायला सांगितलं. तीन जणी आल्या. पुढच्या दिवशी पाच. चढताना बसत, दम खात, एकमेकींचा हात धरत. ती त्यांना कातळावर बसवून शिकवायची.

मी दुरून ऐकलंय तिला शिकवताना. "वाचू नका. वाचत बसलात तर ते बंद पडतं. त्याला कुनासाठी थांबायला येळ न्हाय. बोटाला शिकवा. एक, मंग एक, मंग नंबर, मंग पैसं, मंग तुमचा आकडा. आकडा तोंडानं बोलू नका. ए, तुला सांगते, ओठ हालतायत तुझे!" एक म्हातारी दर वेळी पैशाच्या जागी फोन नंबर दाबायची. तिला काकीनं सतरा वेळा करायला लावलं आणि अठराव्या वेळी जमलं तेव्हा तिच्या पाठीत एक धपाटा घातला.

वीस-बावीस दिवस हे चाललं. सगळ्यांना नाही जमलं, दोघींनी नाद सोडला. बाकीच्यांची बोटं वळली.

आणि मग ती उरणला जायला निघाली. मुलगा कधीपासून बोलावत होता. ती जात नव्हती ती या फोनांमुळं, हे मला तेव्हा कळलं. मुलानं घर घेतलं होतं, आईला खोली ठेवली होती, आणि ही सांगायची, माझी माणसं हायत इथं. आता तिला धरून ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं. माझ्या अर्जानं तेवढं काम नीट केलं होतं.

ती एस.टी.ची वाट बघत धक्क्याजवळच्या थांब्यावर उभी होती. एक पत्र्याची पेटी, एक बोचकं. मी गाळा उघडाच टाकून गेलो.

"काकी, माझं चुकलं," मी म्हणालो.

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "काय चुकलं?"

"अर्ज."

"अर्जात काय खोटं व्हतं? मॅडमबाईनं मला वाचून दाखवला. फोन माझ्याकडं व्हते, आकडे माझ्याकडं व्हते. समदं खरं लिवलं व्हतंस."

खोटं लिहिलं असतं तर माफी मागणं सोपं गेलं असतं.

"तू थांब ना गावात," मी म्हणालो. "आम्ही सगळे तुला..."

"गोड बोलतोयस," ती म्हणाली. डोळे बारीक झाले होते. "काय पायजे तुला?"

"काही नको."

"मग सर बाजूला. गाडी आली."

मी पेटी वर चढवून दिली. तिनं चढवू दिली. खिडकीशी बसल्यावर तिनं पेटी पायाशी ओढून घेतली, कुलूप ओढून बघितलं, एकदा नाही, दोनदा. मग गाडी गेली.

उरणहून तिची खबर फारशी येत नाही. मुलगा मध्ये एकदा घरपट्टी भरायला आला होता. म्हणाला, इमारतीच्या खाली भाजी घेऊन बसते, सांगून ऐकत नाही. वॉचमनशी रोज भांडते, कारण तो कोण कुठं गेलं ते सगळ्यांना सांगत असतो.

गेल्या आठवड्यात मी पायवाटेनं गावी चाललो होतो. सकाळची वेळ, खिंडीत वारा. वर पोचलो तर आठ-नऊ म्हाताऱ्या कातळांवर बसलेल्या. पण एकत्र नाहीत. एक इथं, एक तिथं, प्रत्येकीची दुसरीकडं पाठ. नुसते बटणांचे आवाज आणि मधूनच एखादीचा निःश्वास. थोरली सगळ्यांत उंचावर, उन्हात डोळे मिचकावत.

आई एका खडकाआड होती. तिचा फोन तीनदा बंद पडला. तिसऱ्या वेळी तिनं त्याला अशी शिवी दिली जी मी तिच्या तोंडून जन्मात ऐकली नव्हती. चौथ्यांदा लावला. बोट थांबत थांबत फिरलं. मग ती तशीच बसून राहिली, फोनकडं बघत, आणि थोड्या वेळानं तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की कुठंतरी दूर कुणाला तरी पोचलं ते मला समजलं.

मान वर केली तेव्हा तिला मी दिसलो.

"तू कवापास्नं हायस इथं?"

"आत्ताच आलो."

तिनं फोन पोलक्यात सरकवला. "मग जा खाली," ती म्हणाली. "मला अजून एक करायचाय."

मी उतरू लागलो. मागं वळून बघायचं फार मनात होतं.